पिकदाणीतले निशिगंध

मी पिकदाणी बोलतेय. नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या.

सांगलीतल्या एका तांबटानं मला पितळेत घडवलं. पोट गरगरीत, गळा बारीक आणि तोंड ताटलीसारखं पसरट. बाजाराला आलेल्या वडूजच्या केरबांनी मला विकत घेतलं. त्यांच्या तोंडात कायम पान आणि शेजारी कायम मी. ते वारले, तसं त्यांची सून मनुबाई हिनं मला माळ्यावर फेकलं. तिचा राग मला कधी आला नाही. इतकी वर्षं मला घासत तीच होती.

चौऱ्याहत्तर साली केरबांचा मुलगा हंबीरराव फौजेतून पेन्शनीवर आला. नोकरी ऑफिसरांच्या मेसमध्ये गेलेली. टेबलावर फुलं नसली तर साहेबाला जेवण जात नाही, एवढं एकच ज्ञान त्यानं घरी आणलं. परड्यात गुलाब, शेवंती, निशिगंध लावले. पाणी वाया जाऊ नये म्हणून तो गुलाबाच्या आळ्यात उभा राहूनच अंघोळ करायचा. काटा टोचला की इंग्रजीत ओरडायचा.

रोज सकाळी देठ तिरपे कापून तो फुलं घरात आणी. पण ठेवायची कशात? तांब्यात ठेवली की मनुबाई ती उपसून देवाला वाहायची. शेवटी माळ्यावरून त्यानं मला काढलं.

"आवं, ही मामंजींची पिकदाणी हाय!" मनुबाई किंचाळली.

"व्हती. आता तिची बदली झाली. फुलदाणी म्हनायचं."

चिंच आणि राखेनं त्यानं मला लख्ख केलं. निशिगंधाच्या काड्या आणि मधोमध लाल गुलाब खोवला. माझ्या तोंडाला असा वास येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी पार चढून गेले.

अशात त्यांच्या लेकीला, शालूला बघायला कवठे महांकाळहून पाव्हणे आले. नवरदेव अर्जुना मान खाली घालून बसला. त्याचे वडील नाथाजी यांचं तोंड पानानं तुडुंब भरलेलं. हंबीरराव विचारी, "प्रवास कसा झाला?" तर ते नुसतं "उं, उं" करीत. नजर कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत होती. ती माझ्यावर येऊन थांबली, आणि मी समजले. ओरडले असते, पण वाजवल्याशिवाय पितळेला कंठ फुटत नाही.

पच्‌!

पांढरे निशिगंध लालेलाल झाले.

"पाव्हणं!" हंबीरराव ताडकन उठला. "फुलदाणी हाय ती!"

"फुलदाणी?" नाथाजींचं तोंड आता मोकळं झालं होतं. "जन्म गेला माजा पान खान्यात. पिकदाणी वळखू यीना व्हय मला? तुमीच तिच्यात गवत भरून ठिवलंय!"

गुलाबाला गवत म्हटल्यावर काय राहिलं? आवाज चढले. नाथाजींनी पटका सावरला. "ऊठ अर्जुना. हितं पाव्हण्याला थुकायची चोरी हाय." अर्जुना उठेना. तो पोहे घेऊन आलेल्या शालूकडं बघत होता.

शालूनं पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. पुढं येऊन तिनं लाल झालेली फुलं उपसली आणि मला नाथाजींच्या पायाशी ठेवलं.

"सकाळी फुलदाणी, जेवल्यावर पिकदाणी," ती म्हणाली. "आन् जो थुकंल, त्यानंच घासायची."

अर्जुना असा हसला, की पाटावरून घसरला. नाथाजी आधी लेकाकडं, मग शालूकडं बघत राहिले.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "मानपान कायबी नको. ही पिकदाणी तेवडी संगं धाडा."

"फुलदाणी," हंबीरराव म्हणाला.

अशी मी शालूबरोबर सासरी आले. तिनं इथंही दारात निशिगंध लावलाय. नाथाजी मला घासतात. घासण्याचा कंटाळा आला, तशी त्यांची पानंही कमी होत गेली. परवा सकाळी शेजारचे भाऊसो गाल फुगवून माझ्याकडं आले, तर नाथाजी काठी घेऊन धावले. "डोळं फुटलं का रं? फुलदाणी हाय ती!"

भाऊसोंनी ते सगळं गिळलं.

म्हणून सांगते, कवठे महांकाळला आलात तर आमच्याकडं जरूर या. फक्त थुंकण्याआधी वाकून बघा.