राखलेली जागा

मी एक जुने जलरंगातले चित्र आहे. मित्रांनो, माझी खरी मौज मात्र रंग न लावलेल्या जागेत आहे.

जुन्या न्यायालयाच्या दर्शनी भिंतीवर खांद्यावर घडा घेतलेली एक दगडी स्त्री उभी आहे. समोरच्या फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून मला रंगवणाऱ्या आत्याने तिला माझ्यात उतरवले. जलरंगात उजेड दाखवायचा तर कागद कोरा सोडतात. घड्याच्या काठावर ऊन आले, तेव्हा आत्याने तिथे नखाएवढी जागा सोडली आणि श्वास रोखून भोवती छाया भरली. दगडी घडा लखलखला!

घरी तिच्या छोट्या भाचीने मला निरखले. "आत्या, बाईचं नाक थेट तुझ्यासारखं झालंय."

"होणारच. सकाळभर माझ्याकडेच बघत होती ना!"

"आणि इथं रंग द्यायचा राहिला?"

"राहिली नाही गं, ती जागा राखलीय. ते ऊन आहे."

बैठकीत खिडकीसमोर मला मानाची जागा मिळाली. पाहुणे तोंडभर कौतुक करत. पण रोजच्या उन्हाने माझे आकाश विटले, काचेआड ओलीचे डाग पडले आणि कौतुकही आटले. माझ्या खिळ्यावर कॅलेंडर आले. मी कपाटामागे गेले.

घराला रंग देताना मी भाचीला सापडले. एव्हाना ती मोठी झाली होती. नवी काच बसवायला तिने मला फ्रेमवाल्या काकांकडे नेले.

काका मनाचे मोठे. काच काढताच ते हळहळले, "अरेरे, इथं काम राहिलंय. देतो भरून, फुकट!" त्यांनी ब्रश तपकिरी रंगात बुडवलासुद्धा. तो रंग एकदा कागदात मुरला की निघत नाही. आत्याची ती सकाळ कायमची बुजली असती.

"काका, हात आवरा!" भाची ओरडली. "राहिली नाही, राखलीय! ऊन आहे ते!"

काका दचकून मागे सरकले. त्यांनी लांबून डोळे बारीक करून पाहिले. "अरेच्चा! मी उन्हालाच रंग फासायला निघालो होतो की!"

दोघांचे हसणे ऐकून शेजारचा शिंपी डोकावला. काकांनी त्यालाही लांब उभे केले. "दिसलं ऊन?"

"दिसलं. टोपी आणू का?"

आता मी आत्याच्या खोलीत, ऊन न लागणाऱ्या कोरड्या भिंतीवर आहे. मित्रांनो, आम्हा चित्रांना उन्हापासून आणि ओलीपासून जपा. आणि जुन्या वस्तूत काही उणे दिसले, तर हात घालण्याआधी जरा मागे सरकून पाहा, कोणाला तरी विचारा. कदाचित ते कोणीतरी तुमच्यासाठीच राखलेले असेल.