नानाकाकांचा हात

“चाचाजी तो एकदम ठीक हैं,” तक्त्यावर लिहिता लिहिता सिस्टर म्हणाली, कारण नानाकाकांनी उशीवरून उजवा हात उचलून हळूच हलवला होता.

तो हात मी जन्मापासून ओळखत होते. झाशीहून सुटणाऱ्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यातून तीस वर्षे हिरवी झेंडी दाखवलेला, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, रेल्वेतल्या गार्डाचा हात. जेवण कसे झाले, गुडघा कसा आहे, कशालाही त्यांचे उत्तर तेच: हात वर, दोनदा डावी-उजवीकडे. मागे काय राहिले, ते तो हात कधी सांगत नसे.

पोटाच्या शस्त्रक्रियेला तिसरा दिवस होता. खिडकीबाहेर चैत्रातला कडुलिंब फुलला होता. त्याचा मंद, कडवट गोड दरवळ औषधांच्या वासात असा मिसळला होता की कोणता कशाचा, मला कळेना. काकांचेही तसेच. अंगात ताप नव्हता, टाके कोरडे होते. पण गळ्याजवळची शीर चिमणीच्या उरासारखी उडत होती, आणि ‘ठीक’ सांगून झाले की तोच हात डाव्या खांद्याकडे जाऊन तो दाबत राही. सकाळी डॉक्टर सिस्टरला इंग्रजीत म्हणाले होते, आतली शिवण गळू लागली तर आधी नाडी धावते, खांदा दुखतो. ताप मागाहून येतो. मला ते समजले होते. समजणे मला नेहमीच सोपे गेले.

विचारले तर काका म्हणाले, एका कुशीवर पडून खांदा भरून आलाय. खरेही असेल. तक्त्यावर नाडीचा आकडा सकाळचाच होता, त्यानंतर कोणी ती मोजली नव्हती. पण सिस्टरची इतक्या वर्षांची नजर, आणि मी कोण? लहानपणी काका मला चिडवत, “बोल की गं. किती वेळ गाडीसारखी आउटर सिग्नलवर उभी राहशील?”

सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली. काकांचा हात पुन्हा उठला आणि अर्ध्यातच थांबला. आपली माणसे काळाच्या शेवटच्या डब्यातून असाच हात हलवत लहान होत जातात, आणि सगळे ठीक आहे असे समजून आपण फलाटावर उभे राहतो, असे काहीसे मनात आले. धड उमगले नाही. मी उठले.

“सिस्टरजी, इनका हाथ मत देखिए,” मी म्हणाले. “नाड़ी देखिए.”