खुळा मुळा

वूहानच्या त्या रस्त्यावर झेब्रा पट्टे होते, सिग्नल नव्हता, आणि पायी चालणाऱ्यासाठी गाडी थांबवायची रीत तर नव्हतीच. बाबा होते तोवर याची फिकीर नव्हती. ताडाचा पंखा उगारून ते रस्त्यात उतरायचे आणि ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आईला पलीकडे न्यायचे. पलीकडे बाग, बागेत बायकांचा रोजचा नाच. हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून आईने रस्ता ओलांडला नव्हता.

उद्या लेक यीनशा दूर श्यामेन शहरात, आपल्या नोकरीवर परतणार होती. नाच कायमचा सुटला तर आई घराबाहेरच पडायची नाही, हे तिला दिसत होतं. म्हणून आज तिने आईला पट्ट्यांपर्यंत आणलंच. आईच्या हातात बाबांचा पंखा होता.

एक पांढरी गाडी आली आणि थांबली. चालक नसलेली. या गाड्यांच्या कंपनीचं नावच ‘मुळा’; त्यात कुणीही आडवं आलं की त्या थांबत, म्हणून लोक त्यांना ‘खुळा मुळा’ म्हणत. आईने सवयीने पंखा हलवून तिला पुढे जायला सांगितलं. गाडी हलेना. आई मागे सरली, तशी गाडी वीतभर पुढे आली. आईने पाऊल टाकलं, गाडी थबकली. मागे हॉर्नचा गलका उठला. उभ्याउभ्या सकाळच्या न्याहारीच्या नूडल्स खाणारा एक जण म्हणाला, दोघांचं हे ‘आधी तुम्ही’ संपेपर्यंत माझं दुपारचं जेवणही इथेच होईल.

आईने वाकून काचेतून पाहिलं.

“आत कुणीच नाही गं. मग शिव्या कुणाला घालायच्या?”

“नकोच घालू. थांबलाय ना तो.”

“तुझ्या बाबांची सगळी मजाच गेली असती,” आई म्हणाली, आणि हसत सुटली. हे हसू यीनशाने हिवाळ्यापासून ऐकलं नव्हतं.

मग पंखा उगारून आई रस्त्यात उतरली. जाताजाता तिने गाडीच्या नाकावर पंख्याने हलकेच थोपटलं. पलीकडच्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

ते बघत यीनशा अलीकडेच उभी राहिली. मुळा निघून गेला, मागच्या टॅक्स्या एकीला एक चिकटून धावू लागल्या. ती एक पाऊल पुढे टाकी, दोन मागे घेई.

पुढचा मुळा येऊन थांबला, तशी आई पंखा उगारून परत आली आणि तिने लेकीचा हात धरला.

“घोडी झालीस,” ती म्हणाली, “अजून रस्ता ओलांडता येत नाही? चल.”