चिचुंद्रीवरचा आळ

मित्रांनो, उंदीर धरायचा एक जुना पिंजरा तुमच्याशी बोलतो आहे. कारागिराने माझ्या दाराची स्प्रिंग इतकी कडक बसवली होती, की पहिल्याच दिवशी रोपवाटिकेच्या माळीबुवांचं बोट ठेचलं आणि त्यांनी माझी वाहवा केली. कित्येक वर्षं मी बियाण्याची पोती राखली. मग बियाणं पत्र्याच्या डब्यांत गेलं आणि मी फावड्यांमागे गंजत पडलो.

एका वर्षी टोमॅटोची कोवळी रोपं माना टाकू लागली. देठ मातीलगत दोऱ्याएवढा बारीक झालेला. बुवा म्हणाले, कुणीतरी कुरतडतंय. त्यांनी मला पुसून वाफ्यापाशी मांडलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार खटकन पडलं. आत चिचुंद्री! लांब नाक, मिचमिचे डोळे, उग्र वास. खोटं कशाला बोलू, पुन्हा कामाला आलो म्हणून मी हरखलो. संध्याकाळचं पाणी घालून झालं की हिला हौदात बुडवायची, असं बुवांनी ठरवलं.

दिवसभर ती तारांवर नाक घासत होती. तिची धडधड मला कळत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत, दात न लागता, पाऊल न वाजता, एकेक रोप झुकत होतं. पण मला वाचा कुठली?

संध्याकाळी बुवांनी मला उचललं. तेवढ्यात त्यांची थोरली बहीण, अक्का, वाफ्यावरून म्हणाली, “थांब रे शहाण्या. सकाळी उभी होती ती सातआठ रोपं आत्ता आडवी झालीत. ही काय बाहेर येऊन, कुरतडून, परत आत दार लावून बसली?”

बुवांनी मला खाली ठेवलं. अक्काने एक रोप उपटून दाखवलं. दाताची खूण नाही. देठ तपकिरी, कुजलेला, मातीवर पांढुरके तंतू.

“बुरशी आहे ही. आणि तिला दोन्ही वेळा पाणी पाजतोस तू. ही बिचारी तर किडे खाते.”

पाहा मित्रांनो, एकीला वास होता, आवाज होता, पाय होते, म्हणून ती सापडली. दुसरी मुकाट मुळाशी बसून जेवत राहिली. मनातला संशयही असाच, ओल मिळाली की मूळ धरतो.

बुवांनी दार उचललं. ती सुटली, आणि माझ्याच तारा सैल झाल्यासारखं मला वाटलं. पाणी कमी झालं, उरलेली रोपं तगली. आठवड्याने चिचुंद्री भिंतीच्या कडेने गेली. मागे चार पिल्लं, एकमेकांच्या शेपटीचं बूड तोंडात धरून. त्या दिवशी ही पिल्लं कुठेतरी आईची वाट पाहत असणार. देवानेच अक्काला वेळेवर बोलतं केलं.

मला कोरड्यात ठेवा, अधूनमधून गंज पुसा, एवढंच मागणं आहे. आणि माझं दार कुणावर पाडलंत, तर हौदाकडे निघण्याआधी एक रोप उपटून पाहा.