माझ्या पोटातले तीनशे दहा किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. भिंतीवरचा विजेचा नव्हे, सायकलचा. आगपेटीच्या निम्मी पितळेची डबी, वर काच आणि काचेखाली पाच आकडे. मला पुढच्या चाकाच्या आसापाशी बसवतात. चाकाच्या एका स्पोकवर बारीक पिन असते. चाक एकदा फिरलं की ती पिन माझ्या दातेरी चकतीला टिचकी मारते, टक्! त्या टिचक्यांवरून मी किलोमीटर सांगतो. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'चूक नाही.' तेव्हापासून मी जरा ताठच आहे. कोणी 'अंदाजे' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मी ज्या दुकानात आलो ते सायकल दुरुस्तीचं होतं. दुकान दादाचं. त्याची धाकटी बहीण, म्हणजे आमची ताई, बेकरीतला पाव सायकलवरून घरोघर पोचवायची. पाव संपले तरी ती परत यायची नाही, पुढच्या गावापर्यंत जाऊन यायची. दादा वैतागायचा. "अगं, पाव वाटतेस की वारा खातेस?" पण मनातून त्याला तिचं भारी कौतुक. त्याने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक हलकी सायकल जोडली आणि माझी तिच्यावर नेमणूक झाली.

मग ताईच्या डोक्यात विक्रमाने घर केलं. तीनशे दिवसांत सर्वांत जास्त अंतर! आधीचा विक्रम छत्तीस हजार नऊशे पन्नास किलोमीटरचा होता. सायकल संघटनेचा तपासनीस आला. त्याने मला शून्यावर आणलं, तारेत अडकवून शिशाचं सील ठोकलं आणि ताईला तीनशे कार्डं दिली. रोज संध्याकाळी नात्यात नसलेल्या कुणीतरी माझा आकडा बघायचा, कार्डावर लिहायचा आणि सही करायची. नियम एवढाच. सीटवर कोण बसलं होतं हे विचारायला कार्डावर जागाच नव्हती. त्यांचा सगळा भरवसा माझ्यावर. मी किती फुगलो असेन, विचारूच नका!

ताईने बेकरीची नोकरी सोडली. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, ती चालवत राहिली. तिच्या तळहातांना घट्टे पडले, ओठ फुटले. रोज संध्याकाळी ती ओल्या बोटाने माझी काच पुसायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "शाब्बास रे माझ्या राजा!" मित्रांनो, खरं सांगतो, त्या एका शब्दासाठी मी दिवसभर चिखल खायचो.

दोनशे एकाहत्तराव्या दिवशी ताई तापाने फणफणली. दुकानामागच्या खोलीत ती तीन दिवस निपचित पडून होती. पहिल्या सकाळी दादाने सायकल नेहमीसारखी छताच्या हुकाला टांगली. मला वाटलं, तेलपाणी करणार. त्याने रिम घासायची मोटर चालू केली आणि तिचं कापडी चाक आमच्या पुढच्या टायरला टेकवलं.

चाक फिरू लागलं. धूळ नाही, खड्डा नाही, ताईचं वजन नाही. तरी टक्, टक्, टक्! मी मोजत होतो. मला थांबता आलं नाही. पिन आली की दात सरकतो, मी असाच घडलोय. दादा स्टुलावर बसून मला म्हणाला, "चल रे बाबा. आता तूच काय तो आधार." त्याचे डोळे पाण्याने भरले होते. पण म्हणून मी त्याला माफ केलं असं समजू नका.

संध्याकाळी त्याने सायकल समोरच्या औषधाच्या दुकानात नेली. "ताई दमलीय, आत पडलीय," तो म्हणाला. त्यात खोटं काय होतं? दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, आकडा लिहिला, सही ठोकली. असं तीन दिवस चाललं. एकूण तीनशे दहा किलोमीटर!

चौथ्या दिवशी ताई भिंत धरून आली. तिने काच पुसली आणि तिचा हात तिथेच थांबला. शेवटचा आकडा तिला तोंडपाठ होता.

"दादा, हे काय केलंस?"

"उसने घेतलेत समज. आता रोज थोडं जास्त चालव, भरून निघेल. अगं, एवढं वर्ष मातीत घालू का?"

ताई माझ्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता ही पक्कड मागेल, सील तोडेल, तपासनिसाला बोलावेल. माझी ताई होती ती! मी वाट बघत राहिलो. ती उठली आणि सायकलवर बसली. संध्याकाळी तिने आकडा वाचला. "शाब्बास" मात्र म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही.

उरलेले दिवस तिने जिवाच्या आकांताने सायकल दामटली, पण तापाने अंगातली ताकद नेली होती. तीनशेव्या दिवशी माझ्यावर आकडा होता सदतीस हजार एकशे सेहेचाळीस. दुकानात शिरताच ती दादाला हळूच म्हणाली, "उसने वजा केले तर एकशे चौदा कमी पडतात रे."

"गप्प बस. बाहेर माणसं उभी आहेत."

बाहेर हार होते, फोटोवाले होते. तपासनिसाने सील तपासलं, शाबूत. एका पत्रकाराने विचारलं, "एवढं अंतर खरंच पार केलंत?" ताईने मला बोटाने दाखवलं. "मला काय विचारता? त्याला विचारा. तो खोटं बोलत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाने मोटर लावली तेव्हा मी फसवला गेलो होतो. पण त्या वाक्याने ताईने मला विकलं.

त्याच आठवड्यात तिने मला सायकलवरून काढलं आणि शिलाई मशीनच्या खणात टाकलं. बटणं, तुटक्या सुया आणि मी. तीस वर्षं! खण उघडला की ती नजर दुसरीकडे वळवून दोरा उचलायची. दादा वारला, दुकान बंद झालं, तरी विक्रम तसाच उभा होता.

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली. इस्पितळात नर्स आहे. उन्हाने नाक सोललेलं, तळहातांना घट्टे. ती ताईच्या पाया पडायला वाकली आणि रडूच लागली. "तुमचा आकडा नाही गाठता आला हो. सदतीस हजार अठ्ठावन्न झाले. अठ्ठ्याऐंशी कमी पडले."

"इतके थोडे?" ताईने विचारलं.

"मधे दोन दिवस ताप आला. झोपून होते. कार्डावर शून्य लिहिलं, दुसरं काय करणार?"

ताईने तोंड उघडलं. खणाची फट उघडी होती, मी सगळं बघत होतो. बोल ताई, मी म्हणत होतो, आता तरी बोल! ताईचे ओठ हलले.

"चहा टाकते हं," ती म्हणाली.

मुलगी जायला निघाली तेव्हा ताईने मला खणातून काढून तिच्या हातात ठेवलं. "तूच ठेव याला." मुलगी हरखून गेली. आता मी तिच्या टेबलावर असतो. ड्यूटीवर जाताना ती मला कपाळाला लावते आणि म्हणते, "तुझ्यासारखं खरं मोजायला शिकव."

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, तेल घातलं नाहीत तरी चालेल. पण जो तुमच्यासाठी खरं मोजतो, त्याला खोट्याच्या कामाला जुंपू नका. आणि एक काम कराल का? मला तोंड नाही, तुम्हाला आहे. ती नर्स कुठे भेटली तर तिला सांगा की ती हरलेली नाही.