सहाचा नऊ

आमच्या क्लबच्या मालकांचा गाद्यांचा कारखाना आहे. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळतं की तो गोल असतो. मैदानावर ते हंगामातून दोनदा येतात, एरवी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचं काम चालू असतं. खेळाडूंची नावं त्यांना ठाऊक नाहीत. नंबर ठाऊक आहेत, कारण नंबर बिलावर लिहायला सोपा पडतो.

या हंगामात त्यांना मैदान सुधारायचा झटका आला. पद्धत सोपी होती. एक खेळाडू विकायचा आणि त्या पैशात एक वस्तू आणायची. दहा नंबर गेला आणि रंगीत दिव्यांचा गोलफलक आला. गोल करणाराच गेल्यामुळे त्या फलकावर आमच्या बाजूला शून्य मुक्कामाला येऊन राहिलं, पण दिसायचं मोठं झकास. मग कडेने पळणारे दोन्ही विंगर एकाच आठवड्यात गेले आणि त्यांच्या पैशात दोन संडास उभे राहिले, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रेक्षक आता "जरा डाव्या विंगरला जाऊन येतो" असं म्हणूनच उठतात. गोलकीपर विकून गवत कापायचं यंत्र आणलं. ते गोलकीपरपेक्षा जास्त हलतं, हे मात्र मला कबूल करावं लागेल.

मी क्लबची धुलाई बघते. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली माझी खोली आहे. दोन जुनी मशीन्स, त्यातलं एक कपडे पिळताना खोलीभर उड्या मारतं, एक इस्त्रीचं टेबल, एक लांब बाक आणि दोऱ्यांचा डबा. आधी आई हे काम करायची, ती गेल्यापासून गेली बावीस वर्षं मी करते. माझा धाकटा भाऊ याच खोलीत मळक्या कपड्यांच्या ढिगाला धरून उभा राहायला शिकला, आणि मोठा झाल्यावर मीच त्याला क्लबात चिकटवून दिला. तो सहा नंबर. बारा हंगाम झाले, त्यातला बहुतेक वेळ बाकावर. एकही गोल नाही, म्हणून प्रेक्षकांनी त्याचं नाव भोपळा ठेवलं. तो त्यांना हात हलवून दाखवायचा. मला त्या नावाचा फार राग यायचा, आणि त्याला येत नाही याचा त्याहून जास्त.

खेळाडू विकून विकून आम्ही तक्त्यात शेवटून दुसरे झालो. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जातात. खालच्या गटात क्लबला धुलाई परवडत नाही, खेळाडू आपापले कपडे घरी धुतात. मालकांनी तर फोनवर कोचला सांगूनही टाकलं होतं की तसं झालं तर धुलाईच्या खोलीत गाद्या ठेवता येतील, जागा कोरडी आहे. बावीस वर्षं मी त्या खोलीत पाण्यात उभी आहे आणि हा माणूस म्हणतो जागा कोरडी आहे. त्या दिवशी मी इस्त्री अशी आपटली की कोच दारातूनच परत गेला.

आमच्याकडे आता बघण्यासारखा एकच खेळाडू उरला होता, नऊ नंबर. पोरगा काडीसारखा बारीक, पण पळायला लागला की दिसायचा नाही, म्हणून त्याला सगळे सुसाट म्हणत. तो होता म्हणून अधूनमधून एखादी मॅच बरोबरीत तरी सुटत होती. विक्रीची मुदत संपायला चार दिवस असताना कोच तोंड पाडून माझ्याकडे आला. मालकांचा फोन होता. पलीकडच्या शहरातल्या मोठ्या क्लबाचा माणूस नऊ नंबर बघायला येतोय, नऊला चांगलं खेळव. त्या पैशात पाहुण्यांच्या खुर्च्यांना गाद्या बसवायच्या होत्या. गाद्या अर्थातच मालकांच्याच कारखान्यातून.

सुसाटला बाकावर बसवलं तर मॅच हातची जाणार, आणि खेळवलं तर सुसाटच हातचा जाणार. कोच बाकावर बसून कपाळ चोळत होता. मी इस्त्री करत होते. समोर सुसाटचा शर्ट उलटा पडला होता, आणि उलट्या नऊचा मला सरळ सहा दिसत होता.

नुसते शर्ट बदलता आले असते तर काम पाच मिनिटांचं होतं. पण माझ्या भावाचा एक खांदासुद्धा सुसाटच्या शर्टात गेला नसता. तेव्हा मी दोन्ही शर्टांच्या पाठीवरचे आकडे उसवले, डोक्यावर उभे केले आणि पुन्हा शिवून टाकले. सुसाट झाला सहा, भाऊ झाला नऊ. येणाऱ्या माणसाने नऊ नंबरकडे अर्धा तास बघावं, कपाळाला हात लावावा आणि निघून जावं, असा हिशोब होता. कोच म्हणाला, "ताई, तुमच्या डोक्याला तोड नाही." मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.

भावाला मात्र खरं सांगता येईना. अरे, तू इतका वाईट खेळतोस की आम्हाला त्याचा उपयोग आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं. मी त्याला म्हटलं की बारा वर्षं धीर धरलास, म्हणून कोचने तुला नऊ नंबर दिलाय, आणि सुसाटला काही दिवस सहा. शर्ट तुझ्या मापाचा नवा शिवलाय. त्याने शर्ट हातात घेऊन उलटसुलट बघितला, घातला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि विचारलं, "कसा दिसतोय?" मी म्हटलं चांगला दिसतोय. आणि दिसतही होता.

मॅचच्या दिवशी तो माणूस आला. हातात वही, आणि वहीत फक्त आकडे. पायऱ्यांवर बसल्याबसल्या त्याने पहिला प्रश्न विचारला तो डावा विंगर कुठे आहे हा, आणि कुणीतरी त्याला संडासाकडे पाठवलं. तो परत येईपर्यंत माझ्या भावाने एक गोल केला होता.

म्हणजे केला असं नाही. तो पाठमोरा उभा राहून बुटाची नाडी बांधत होता आणि चेंडू त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागून आत गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण फलकावर दिवे लागले, बारा वर्षांचा भोपळा फुटला आणि लोक उभे राहिले. त्यानंतर माझ्या भावाला काय झालं मला कळेना. तो पळू लागला. पडत होता, उठत होता, चेंडूच्या मागे नुसता जीव टाकत होता. शेवटी शेवटी त्याने समोरच्या एकाला खरोखरच चकवलं आणि दुसरा गोल मारला, अगदी पायाने. खिडकीच्या जाळीतून बघताना मी ओरडले आणि मग तोंडावर हात ठेवला, कारण वहीवाला माणूस उभा राहून लिहीत होता.

संध्याकाळपर्यंत नऊ नंबर विकला गेला. कागदावर नावाच्या जागीही मालकांनी "नऊ" एवढंच लिहिलं होतं. कोच माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्याच्या. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. खरं सांगावं तर सुसाट जाणार, क्लब बुडणार, आणि माझ्या भावाला कळणार की त्याच्या पाठीवरचा नऊ ही त्याच्या बहिणीने केलेली चेष्टा होती. तो तर आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी हवा होता. पिशवी भरताना गुणगुणत होता. मी त्याला चार जोड मोजे जास्तीचे दिले आणि गप्प बसले. तो गेल्यावर मात्र मी उड्या मारणाऱ्या मशीनवर हात ठेवून पोटभर रडले. मशीनमुळे हुंदके निदान कुणाला ऐकू गेले नाहीत.

मालकांच्या कानावर कुणीतरी घातलं की नऊ नंबर धुलाईवाल्या बाईंचा भाऊ होता. त्यांचं मन विरघळलं. खुर्च्यांच्या गाद्या राहू देत म्हणाले, आणि त्या पैशात माझ्यासाठी भलंमोठं नवं मशीन पाठवलं, समोर गोल काच असलेलं. भाऊ देऊन मशीन घेतलेली दुसरी बहीण मला तरी माहीत नाही. मी त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही काढला नाही. कोच म्हणायचा, लावून तरी बघा. मी म्हणायचे, मला हात आहेत.

सुसाट राहिला, सहा नंबरात राहिला, आणि त्याच्या जोरावर आम्ही तरंगत तरंगत शेवटच्या मॅचपर्यंत आलो. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात राहणार होतो, हरलो तर खाली. आणि समोर कोण, तर माझ्या भावाचा नवा क्लब. तिथे त्यांना पहिल्याच आठवड्यात त्याचा खरा खेळ समजला होता. तेव्हापासून तो तिथल्या बाकावर होता. बाकाच्या बाबतीत त्याचा अनुभव दांडगा.

एक-एक अशी बरोबरी चालू होती. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा त्यांचे दोन गडी लंगडत बाहेर आले, आणि बाकावर दुसरं कुणी उरलं नसल्यामुळे माझा भाऊ उठला. आमचे प्रेक्षक प्रेमाने "भोपळा, भोपळा" ओरडू लागले. त्याने नेहमीप्रमाणे हात हलवला. मी खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी होते, एका हातात साबण.

शेवटच्या मिनिटाला चेंडू कुठूनतरी घरंगळत त्याच्या पायाशी आला. आमचा बदली गोलकीपर आधीच पालथा पडला होता. समोर तीन पावलांवर मोकळा गोल. एवढ्या जवळून माझ्या आईनेही मारला असता. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते, लाज वाटली तरी सांगते. खोली जावो की राहो, पण याचा पाय एकदा नीट लागू दे, असं मला वाटलं.

त्याने लाथ घातली. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, गोलावरून, जाळीवरून, पायऱ्यांवरून, आणि डाव्या विंगरच्या पत्र्यावर जाऊन अडकला. पंचाने वर बघत शिट्टी वाजवली. आम्ही वाचलो होतो.

बाहेर गोंधळ चालू असताना तो सवयीने सरळ माझ्या खोलीत आला, जसा बारा वर्षं यायचा. बाकावर बसला, बूट काढले. मी पाणी दिलं. मग तो म्हणाला, "ताई, नऊ नंबराच्या काखेत हिरवा दोरा कसा येईल?"

मला कळायला वेळ लागला नाही. आमचे शर्ट लाल. दोन वर्षांपूर्वी त्याचा शर्ट काखेत फाटला तेव्हा डब्यात लाल दोरा संपला होता, म्हणून मी ठिगळ हिरव्या दोऱ्याने लावलं होतं. आकडा मी उलटा केला, ठिगळ विसरले. बावीस वर्षं शिवणारी बाई मी.

"तेव्हाच कळलं होतं तुला?" मी विचारलं.

"घालतानाच कळलं. मग वहीवाला माणूस दिसला. म्हटलं, ताईला वाटतंय की मी काही करू शकत नाही. म्हणून तर जीव तोडून पळालो."

 चुकलं माझं, एवढंच म्हटलं, आणि ते मी आयुष्यात कुणाला फारसं म्हटलेलं नाही. तो म्हणाला, जाऊ दे, त्यामुळे दोन गोल तरी झाले. मग मला राहवेना. मी विचारलं की आज मग मुद्दाम वर मारलास ना, आमच्यासाठी.

त्याने खाली बघितलं, पायाचा अंगठा चोळला. "नाही गं. आज खरंच मारायचा होता."

मी हसायला लागले ती थांबेना, आणि मग तोही हसला. डोळे पुसत मी विचारलं की आता पुढे काय. तो म्हणाला, त्यांना मी नकोच आहे. पैसे परत द्या आणि तुमचा नऊ परत न्या, असं त्यांनी मालकांना दोनदा लिहिलं. पण मालक म्हणतात की पैशाचं मशीन झालं, आणि एकदा वापरलेलं मशीन दुकानदार परत घेत नाही.

बोलता बोलता त्याने मळका शर्ट डोक्यावरून काढला आणि खोलीत इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात ते भलंमोठं मशीन उभं होतं, प्लास्टिकच्या कागदात, दाराला अजून कंपनीची चिकटपट्टी. तो उठून त्याच्या दाराशी गेला.

"हात लावू नकोस त्याला," मी म्हटलं.

त्याने वळून बघितलं. "वापरलंय कुणी अजून?" म्हणत मी चिकटपट्टीकडे बोट दाखवलं. त्याने चिकटपट्टी बघितली, मग मला बघितलं, आणि मग हळूच मशीनपासून दोन पावलं मागे सरकला. मी बादली नळाखाली ठेवली, त्याच्या हातात साबण दिला आणि कॉलर नीट घास म्हणून सांगितलं.