गार अंथरूण

आमच्या खोलीत खाट एक आणि तिचे मालक दोन. मी मासे गोठवायच्या कारखान्यात रात्रपाळीला, तो बांधकामावर दिवसपाळीला क्रेन चालवतो. तो उठला की मी आडवा होणार, असा आमचा संसार. भेट काय ती दारात, आणि तिथेही माझी कुरकुर चालूच असायची. उशीला याच्या डोक्याचं तेल, चादरीत रेती. मी त्याला वाटेकरी म्हणायचो, तो मला बर्फवाला. पण आखडलेलं अंग त्याच्या उबेत टाकलं की किती बरं वाटायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

हल्ली अंथरूण गार लागायला लागलं. वाटलं, स्वारी लवकर उठत असेल. मग एका सकाळी पाहतो तर संध्याकाळी मी घातलेली चादरीची घडी तशीच, आणि हा कडेला बूट घालून बसलेला. डोळे लाल. हातातला चहा हिंदकळत होता. माझं डोकंच फिरलं. या हाताने हा माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवणार?

खनपटीला बसलो तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"डोळा लागला की क्रेनचा दोर तुटतो. खाली माणसं असतात."

साहेबांना कळलं तर घरी धाडतील, म्हणाला. बायकोला रोज फोनवर मजेत आहे म्हणून सांगतो.

मी त्याच्या मुकादमाला फोन लावला. वाटेकऱ्याने माझा हात धरला, मग सोडून दिला. अशा वेळी पोट बिघडलं म्हणायची आमच्यात रीत आहे. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. पण पोट एका दिवसात बरं होतं, आणि उद्या हा पुन्हा वर चढला असता.

"त्याला झोप येत नाही. भीती वाटते," मी म्हणालो. "आज क्रेनवर पाठवत नाही, डॉक्टरकडे नेतोय."

मुकादमाने पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. वाटेकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. गेली याची नोकरी, मला वाटलं.

मग मुकादम अगदी हळू आवाजात म्हणाला, "कुठल्या डॉक्टरकडे नेताय? मलाही सांगा."

दवाखाना उघडायला अवकाश होता. मी वाटेकऱ्याला बूट काढायला लावले, त्याला आडवं केलं आणि शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो घोरायला लागला. मग मीही खालीच अंग टाकलं. फरशी गारठलेली होती, पण त्या दिवशी मी कुरकुर केली नाही.